चौथी सूचना

सकाळी सातच्या सुमाराला खालच्या रस्त्यावरून रोड रोलर गेला. डांबर टाकायचं काम चार दिवस चालू होतं आणि ते धूड रोज याच वेळेला जायचं, पण आज इमारतीला अगदी खेटून गेलं असावं. ओट्यावरच्या कपबशा किणकिणल्या, खिडकीची काच थरथरली आणि बाईंच्या कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटली. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. भूकंपाला पाच वर्षं झाली तरी शरीर आपलं आपण मोजायला लागतं. वीस मोजून होईपर्यंत आवाज हळूहळू कोपऱ्याकडे सरकला, म्हणजे रोलरच. त्यांनी अडवून धरलेला श्वास सोडला, कप खाली ठेवला आणि नातीला हाक मारली. साडेसातला तिची बस यायची.

उत्तर आलं नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली. पलीकडच्या खोलीत दप्तर होतं, बूट होते, ठकू नव्हती. न्हाणीघरात त्यांची लेक अंघोळ करत होती, पाण्याचा आवाज येत होता. गॅलरीचं दार अर्धवट उघडं होतं. कठड्यापाशी जाऊन त्यांनी खाली पाहिलं. खाली फक्त ओलं, काळं डांबर होतं आणि फावड्यावर रेलून उभा असलेला एक माणूस. "ठकू, ए ठकू." जिन्यात जाऊन हाक मारली, परत घरात येऊन मारली. आपला आवाज चढत चाललाय हे त्यांना कळत होतं. मग जेवणाच्या टेबलाखाली त्यांना एक पांढरा मोजा दिसला.

ठकू टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती. एका हाताने टेबलाचा पाय घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. अर्धा खाल्लेला पाव फरशीवर पडला होता. डोळे टक्क उघडे. ती आजीकडेच बघत होती. आजी चार हातांवरून तीनदा येरझाऱ्या घालून गेली तेव्हाही बघतच असणार.

"अगं, घर डोक्यावर घेतलं मी. ऐकू येत नव्हतं का तुला?"

ठकूने फक्त पापण्या हलवल्या. बाई खाली वाकल्या होत्या, एक गुडघा फरशीला टेकला होता, आणि तिथेच त्यांना कळलं की पोरगी कशाची वाट बघतेय. ते शब्द त्यांना पाठ होते. तरी जिभेवर यायला वेळ लागला.

"सोळा नंबर."

"हजर!" ठकू खणखणीत म्हणाली आणि रांगत बाहेर आली. "किती वेळ लावतेस गं आजी. पायाला मुंग्या आल्या माझ्या."

लेक डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "मी अंघोळीला गेले की तुम्हा दोघींचं काहीतरी सुरू होतंच. आणि आई, तू अशी जमिनीवर काय बसलीयेस? आज पाहुणी आहेस म्हटलं. चांगली साडी काढून ठेवलीय." मग फ्रिजवरचं आमंत्रण काढून तिने मोठ्याने वाचलं, "भूकंप कवायतीच्या मूळ लेखिका. लेखिका म्हणे. मी वसतिगृहात होते तेव्हा चार ओळींचं पत्र लिहायला तुला महिना लागायचा."

"सूचना लिहिल्या होत्या फक्त," बाई म्हणाल्या.

"सात सूचना," ठकू बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली. "चौथी सगळ्यात अवघड. आमचा वर्ग चौथीत पहिला आहे. आज ढाल आम्हालाच मिळणार, आणि तू देणार. मला बघून हसू नकोस हं आजी, मी हसले तर आमचे गुण जातील."

आमंत्रणाच्या मागेच चुंबकाने लावलेला तो कागद होता. आता तो रंगीत झाला होता, वर सरकारी शिक्का होता, देशातल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गाच्या दारामागे तो लागलेला असायचा. बाकाखाली बसलेला एक मुलगा, ओठांवर बोट. खाली ठळक अक्षरांत: चार. बाई हजेरी घेईपर्यंत तोंडातून एकही आवाज काढू नका. आपला नंबर आला की 'हजर' म्हणा. वाक्य जसंच्या तसं त्यांचं होतं, एक काना-मात्राही कुणी बदलली नव्हती.

लेक कामाला गेली, ठकू बसने गेली. बाई साडी नेसून खुर्चीत बसून राहिल्या. अकराला पोचायचं होतं. दोन तास होते, आणि इतका मोकळा वेळ त्यांनी गेली पाच वर्षं कटाक्षाने टाळला होता. निवृत्त झाल्यावर लेकीच्या गावी येऊन त्यांनी भाज्या निवडल्या, ठकूच्या पुस्तकांना कव्हरं घालून दिली, शेजारच्या तीन पोरांना पाढे शिकवले. आपल्या जुन्या गावाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायच्या. ते गाव इथून एका दिवसाच्या प्रवासावर. तिथल्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं घालवली होती. मुलं त्यांना मागे 'शूबाई' म्हणायची, कारण त्या कधी ओरडत नसत; दारात उभं राहून नुसतं 'शू' केलं की साठ मुलं गप्प व्हायची. त्यांना ते नाव माहीत होतं आणि आवडायचंही. कवायतीचं काम त्यांच्याकडे आलं तेही त्यामुळेच. पहिल्या कवायतीला नुसता कल्लोळ झाला होता. घंटा झाली तशी मुलं किंचाळत सुटली, जिन्यात एकावर एक पडली, एका मुलीचं बोट दारात चेंगरलं. लहान वर्गातली दोन मुलं तर रडून रडून ओकली. त्या दिवशी बाईंनी विचार केला तो साधाच होता. भीती आवाजातून पसरते. एक ओरडलं की दहा ओरडतात. आवाज बंद केला की भीती बंद होईल, बाईंचं बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल, हजेरी नीट होईल, कुणी मागे राहिलं तर लगेच कळेल. कागदावर त्यांनी चौथी सूचना लिहिली आणि मग वर्षभर दर महिन्याला ती मुलांच्या अंगात मुरवली. नाकात माशी गेली तरी आवाज नाही, असं त्या सांगायच्या, आणि मुलं बाकाखाली नाक दाबून हसू आवरायची. सगळ्यात शांत वर्गाला ढाल. दुसऱ्या वर्षी जिल्ह्याहून साहेब आले. चारशे मुलं बाकाखाली आणि छताचा पंखा फिरतोय तेवढा ऐकू येतोय. साहेब हळूच म्हणाले होते, बाई, जादू आहे. त्या रात्री बाईंना झोप लागली नव्हती, आनंदाने.

या सगळ्यात चूक कुठे होती हे त्या शोधत राहायच्या, एखाद्या चुकलेल्या गणितासारखं. पायरी पायरीने बघितलं तर प्रत्येक पायरी बरोबर होती. त्या एवढंच धरून चालल्या होत्या की हजेरी घ्यायला बाई असतील.

शाळा दुपारी पावणेदोनला पडली. बाई त्या दिवशी दुसऱ्या शाळेत कवायत शिकवायला गेल्या होत्या. ती शाळा उभी राहिली, नुसता पोपडा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बोलावून नेलं, कारण सगळ्या वर्गांच्या याद्या फक्त त्यांच्याकडे होत्या, कवायतीच्या फाइलमध्ये. तिसरीचा ब वर्ग सोडून बाकीचे वर्ग बाहेर आले होते किंवा बाहेर काढले होते. ब वर्गावर वरचे दोन मजले होते. यादी हातात धरून बाई ढिगाऱ्याभोवती बांधलेल्या दोरीपाशी उभ्या राहिल्या. धुळीला एक वास होता, ओल्या खडूसारखा. बचाव पथकाचा प्रमुख नारिंगी शिरस्त्राण घातलेला, डोळे लाल झालेला माणूस होता. त्याने मूठ वर केली. तसं यंत्र थांबलं, जनरेटर थांबला, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, रडणाऱ्या आयांनी पदर तोंडात कोंबले. असा नियम होता, दर तासाला दोन मिनिटं सगळं बंद करायचं आणि ऐकायचं. प्रमुख फटीशी आडवा झाला आणि आत ओरडला, "कोणी आहे का? असाल तर आवाज द्या. काहीतरी वाजवा." त्याने तीनदा विचारलं. काहीही आलं नाही. कुठेतरी फुटलेल्या नळाचं पाणी गळत होतं तेवढंच. बाईही श्वास रोखून उभ्या होत्या, नियमाप्रमाणे. हातात यादी होती. एक ते चौतीस. प्रमुख उठला, कपडे झटकले, भिंतीवर लाल रंगाने एक खूण काढली आणि म्हणाला, "इथे काही नाही. दवाखान्याकडे चला, तिथे टकटक येतेय." दवाखान्यातून सात माणसं जिवंत निघाली. ती निघायलाच हवी होती, त्याबद्दल बाईंना कधी वाईट वाटलं नाही.

यंत्र परत आलं ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ढिगारा उचलायला. स्लॅब उचलला तर खाली बाकं होती. लोखंडी बाकं, वाकली होती पण मोडली नव्हती. बाकाखाली मुलं होती, पाय पोटाशी घेऊन, एका हाताने बाकाचा पाय धरून, अगदी शिकवल्यासारखी. वर्गशिक्षिका दाराशी होत्या, त्या पहिल्याच क्षणी गेल्या असणार. तेतीस मुलं कधी गेली याचा डॉक्टरांनी अंदाज सांगितला. काही लगेच, काही रात्रीतून, आणि अकरा-बारा त्याच दिवशी सकाळनंतर. एक मुलगी जिवंत होती. तिला स्ट्रेचरवर बाहेर आणलं तेव्हा बाई वाकल्या. चेहरा धुळीने पांढरा, ओठ फाटलेले. तिने डोळे उघडले, बाईंना ओळखलं आणि म्हणाली, "तेवीस नंबर हजर." मग जरा वेळाने, तक्रार केल्यासारखं, "एक काका ओरडत होते. आम्ही कुणी नाही बोललो. बाईंनी नंबर घेतलेच नाहीत."

बाजूला नर्स होती, पण ती सुई शोधत होती. तिने ऐकलं असेल-नसेल. मुलीला मोठ्या शहरात नेलं, पुढे तिचे मामा तिला घेऊन परदेशी गेले. ते वाक्य राहिलं ते एकट्या बाईंपाशी.

राष्ट्रीय समिती बसली ती सात महिन्यांनी. धडे काढायला. काय चुकलं, काय साधलं, पुढच्या वेळी काय करायचं, याचा मोठा अहवाल व्हायचा होता. सिमेंटवाले आले, रस्तेवाले आले, तंबू आणि पांघरुणं उशिरा का पोचली ते सांगायला कोठारवाले आले. बाईंना वीस मिनिटं दिली होती. बाहेरच्या बाकावर अकरा नंबरची आई बसली होती, तिची साक्ष आधी झाली होती. तिने बाईंचे दोन्ही हात धरले. "तुम्ही शिकवलंत म्हणून ती घाबरली नाही," ती म्हणाली. "शांत गेली माझी पोर. यंत्रवाले म्हणाले, झोपल्यासारखी होती. तेवढ्यावर मी जगतेय, बाई." तिचे हात गरम होते आणि ती सोडत नव्हती. आत गेल्यावर अध्यक्षांनी बाईंना बसायला सांगितलं, पाणी दिलं. निवृत्त इंजिनियर होते, बोलायला मृदू, स्वतःची नातवंडं असलेले. कवायत नियमित व्हायची का? व्हायची. मुलं बाकाखाली गेली होती का? गेली होती. सगळी? सगळी. म्हणजे कवायत मुलांनी पूर्ण पाळली. बाई म्हणाल्या, पूर्ण पाळली. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मग दोष इमारतीचा. कवायतीचा नव्हे," ते लिहून घेणाऱ्याला म्हणाले, आणि बाईंना विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" बाईंना आठवतं, खिडकीत एक कबुतर होतं. त्या म्हणाल्या, "नाही." कुणी नेमकं विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं त्या स्वतःला पुष्कळ दिवस समजावत होत्या. आवाज का आला नाही, असं कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही. अहवालात दोनशे चौदा धडे आले. एकसष्टावा धडा होता: या शाळेतील मुलांनी दाखवलेली शिस्त अनुकरणीय असून सदर कवायत देशातील सर्व शाळांत लागू करावी.

अकराला दहा मिनिटं कमी असताना बाई ठकूच्या शाळेच्या फाटकाशी पोचल्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः घ्यायला आल्या होत्या, पंचेचाळिशीच्या, चुणचुणीत, कागदाची फुलं पिनेने लावून. "या, या. सगळे वर्ग नुसते फुरफुरताहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुमच्या नातीने तर मला दम दिलाय, आजीसमोर घंटा वेळेवर वाजवा म्हणून." सभागृहात सहा वर्गांची बाकं आणून लावली होती. समोर टेबलावर ढाल होती, लाकडी, मधे पितळी पत्रा. घंटा झाली. बाकं खरखरली, आणि मग शंभरेक बाकांच्या खाली दोनशे मुलं दिसेनाशी झाली. नुसते पांढरे मोजे दिसत होते. गुण देणाऱ्या शिक्षिका पायांतल्या चपला काढून बाकांमधून फिरू लागल्या, कानोसा घेत, हातात पेन्सिल. बाईंना पंख्याचा आवाज आला. कुठेतरी नळ गळत होता. हीच ती शांतता, त्यांना वाटलं. हिला त्या कुठेही ओळखू शकल्या असत्या. दोरीपाशी उभं राहून ऐकली होती तेव्हा ती त्यांना रिकामी वाटली होती. ती रिकामी नव्हती. ती अशी होती, भरलेली, नाक दाबून बसलेली, पहिला नंबर मिळवणारी.

त्या खुर्चीतून उठल्या. मोठ्या बाईंना वाटलं, ढाल द्यायला उठल्या, कुजबुजल्या, "अजून हजेरी व्हायचीय." बाई पुढे गेल्या, पहिल्या बाकापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणी आहे का?"

पेन्सिली थांबल्या. बाकाखालून काही आलं नाही.

"कोणी आहे का? असाल तर आवाज द्या."

एक मोजा हलला आणि आत ओढला गेला. दोनशे मुलं होती, आणि सगळी हुशार होती. हा त्यांना पाहुण्यांनी टाकलेला पेच वाटला असणार, गुण कापायचा. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. मग त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. "हजेरी मी घेऊ?" आणि त्यांनी यादी घेतली नाहीच, नुसतं म्हटलं, "सगळे नंबर. बाहेर या आणि खाली बसा."

मुलं बाहेर आली. बाईंनी त्यांना सांगितलं. तिसरीच्या मुलांना भागाकार सांगावा तसं सांगितलं, सावकाश, एकही पायरी न गाळता. एक शाळा होती. एक वर्ग होता, चौतीस मुलांचा. त्यांच्या बाई सुरुवातीलाच गेल्या. एक काका वरून ओरडले. मुलांना ऐकू आलं. मुलं बोलली नाहीत, कारण मी सांगितलं होतं बोलू नका. काकांना वाटलं आत कुणी नाही. "म्हणून चौथी सूचना चूक आहे," बाई म्हणाल्या. "ती मी लिहिली. यादी माझ्या हातात होती, मी नंबर घेतले असते तरी चाललं असतं, तेही मला सुचलं नाही. नंतर मोठ्या लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही."

"बाई, ही लहान मुलं आहेत," मोठ्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "पालकांना मी काय सांगू? परिपत्रक आहे आमच्याकडे. मला चौथी सूचना वगळता येणार नाही."

"मी लिहून देते. समितीला, तुम्हाला, पालकांना. सही करून." बाईंना त्या क्षणी अकरा नंबरच्या आईचे हात आठवले. तिलाही लिहावं लागणार होतं, आणि ते पत्र सगळ्यात आधी लिहावं लागणार होतं. तिच्याकडे जे एक उरलं होतं ते त्या पत्राने जाणार होतं. यातून सुटायची वाट त्यांना दिसली नाही.

एका शिक्षिकेने डोळ्यांना पदर लावला होता. ठकू तिसऱ्या रांगेत होती, कान लाल झालेले, ढालीकडे बघत नव्हती. मागे बसलेल्या एका जाड चष्म्याच्या मुलाने हात वर केला.

"मग आम्ही ओरडायचं का?"

"हो. कुणी हाक मारली की ओरडायचं. धूळ असेल, ओरडता आलं नाही, तर बाक वाजवायचं. थांबायचं आणि पुन्हा वाजवायचं. बाई असल्या तरी, नसल्या तरी."

मुलाने ते तपासून पाहिल्यासारखं केलं. "किती मोठ्याने?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. हे करूनच दाखवायला हवं होतं. शिकवण्याचा दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी श्वास घेतला, पदर खोचला, समोरच्या दोनशे तोंडांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. "आम्ही इथे आहोत." एकतीस वर्षं त्यांनी वर्गात कधी आवाज चढवला नव्हता. जे बाहेर पडलं ते चिरकं, बसकं होतं, पंख्याच्या आवाजात विरून गेलं. पहिल्या रांगेतली दोन मुलं एकमेकांकडे बघून हसली.

ठकू हसली नाही. ती उभी राहिली होती. बाकाच्या कडेवर तिची बोटं गच्च आवळली होती.

"आजी," ती म्हणाली, "एवढ्याने नाही ऐकू जाणार."

बाईंनी मान हलवली आणि पुन्हा श्वास भरून घेतला.